चिक्खल्ल आणि चिखल : विनयपिटकातील मातीकाम व नीरा-भीमा खोऱ्यातील भिंती

मराठी माणूस घराच्या भिंतीविषयी बोलताना जे शब्द वापरतो, त्यांतील पुष्कळसे शब्द पालि तिपिटकात जवळजवळ त्याच अर्थाने भेटतात. ‘मत्तिका’ म्हणजे माती, ‘इट्ठका’ म्हणजे वीट, ‘भित्ति’ म्हणजे भिंत, ‘कुड्ड’ म्हणजे कूड, ‘थुस’ म्हणजे तूस, ‘कुण्डक’ म्हणजे कोंडा, ‘गेरुक’ म्हणजे गेरू. आणि ‘चिक्खल्ल’ म्हणजे आपला चिखल. हा शेवटचा शब्द अभिजात संस्कृत ग्रंथांपेक्षा पालि-प्राकृतात अधिक रुळलेला दिसतो. तो चिखल तुडवणाऱ्यांच्या तोंडचा शब्द आहे आणि विनयाच्या संग्राहकांनी तो जसाच्या तसा लिहून ठेवला, ही गोष्ट लहान नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. कच्ची माती पावसात विरघळते, उन्हात तडकते, वाळवीला व उंदराला वाट देते. तिच्यात काही मिसळून तिला टिकाऊ करण्याचा खटाटोप माणूस फार पूर्वीपासून करीत आला आहे. आज अभियांत्रिकीच्या पुस्तकांत याला ‘मातीचे स्थिरीकरण’ असे भारदस्त नाव आहे. या खटाटोपाचे विनयपिटकातील पुरावे आणि पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील मातीच्या भिंती एकमेकांशेजारी ठेवून पाहावयाच्या आहेत. हेच दोन तालुके घेण्याचे कारण असे की कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या दरम्यानच्या या पट्ट्यात काळी, मुरमाड, चोपण आणि पांढरी अशी चारही तऱ्हेची माती थोड्याथोड्या अंतरावर सापडते. आणि मातीत मिसळण्याजोगी राखही येथे साखर कारखान्यांच्या आवारात ढिगांनी पडते.

महाराष्ट्रातील बौद्ध वास्तू म्हटले की आपल्यापुढे कार्ले, भाजे, जुन्नर, अजिंठा उभे राहतात. कातळ टिकला म्हणून तसे झाले. विनयातील विहार मात्र मुख्यतः माती, लाकूड, गवत आणि वीट यांचा आहे. नादिक गावातील ज्या निवासात भगवान बुद्ध उतरत असत त्याला ‘गिंजकावसथ’, म्हणजे विटांचे घर, असे नाव पडले होते. विटांचे असणे हीच त्याची ओळख ठरली, यावरून आसपासची घरे कशाची होती याचा अंदाज येतो.

विनयातील भिंत

चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात भिंतीला रंग देण्याचा एक प्रसंग आहे. भिक्खूंना भिंतीवर पांढरा, काळा व गेरूचा रंग देण्याची अनुमती मिळते. परंतु भिंत खरबरीत असल्यामुळे पांढरा रंग तिच्यावर बसत नाही. ही अडचण भगवंतांपुढे मांडली जाते आणि तूस कालवलेला मातीचा गोळा भिंतीवर देऊन तो ‘पाणिका’ने, म्हणजे गवंड्याच्या थापीसारख्या अवजाराने, सारखा करण्याची परवानगी मिळते. तरी रंग धरत नाही. मग मऊ, गाळलेल्या मातीचा हात देण्याची परवानगी मिळते. तरीही धरत नाही. तेव्हा ‘इक्कास’ आणि ‘पिट्ठमद्द’ वापरण्यास सांगितले आहे. समन्तपासादिकेत आचार्य बुद्धघोष पहिल्याचा अर्थ झाडाचा डिंक किंवा चिकटा असा आणि दुसऱ्याचा पिठाची खळ असा देतात.

गेरूसाठी वेगळी कृती आहे. तेथे तुसाच्या थरावर कोंडा मिसळलेली माती, आणि तीही न धरल्यास मोहरीचे कूट व वितळवलेले मेण. काळ्या रंगासाठी आणखी वेगळी : ‘गण्डुमत्तिका’, म्हणजे गांडुळांच्या विष्ठेची माती, आणि त्यावर डिंक व ‘कसाव’. हा कसाव कशाचा? अट्ठकथा सांगते, आवळा व हिरडा यांचा. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या चुन्यात हिरडा, गूळ, बेलफळ, उडीद घालीत असत हे वाचकांनी ऐकले असेल. त्या हिरड्याची जुनी नोंद येथे आहे.

हा उतारा वरवर कंटाळवाणा आहे. अभ्यासक बहुधा तो ओलांडून पुढे जातात. पण त्यातील क्रम पाहावा. भिंतीने एक दोष दाखवला, त्यावर एक उपाय केला. उरलेला दोष पुन्हा दिसला, त्यावर दुसरा उपाय केला. कोठेही मंत्र नाही, मुहूर्त नाही, वास्तुपुरुष नाही. तूस का घालावयाचे? ओली माती वाळताना आकसते आणि तडकते; तुसाचे, काडाचे तंतू तो ताण वाटून घेतात, म्हणून एका मोठ्या भेगेऐवजी पुष्कळ बारीक आणि निरुपद्रवी भेगा पडतात. मऊ माती वरची छिद्रे बुजवते. डिंक, खळ, मेण व तेल हे पाणी अडवतात किंवा कण एकमेकांना चिकटवतात. गांडुळाच्या पोटातून गेलेली माती बारीक झालेली असते आणि तिच्यात चिकट द्रव्य असते. हे कारण विनयात दिलेले नाही. कृती मात्र बिनचूक आहे.

दुसरा उल्लेख याहून मोलाचा आहे आणि तो भलत्याच ठिकाणी आहे. आळवी येथे भिक्खू बांधकामासाठी जमीन खणू लागले; लोकांनी नावे ठेवली; त्यावरून भिक्खूने जमीन खणू नये हा पाचित्तियाचा दहावा नियम झाला. नियम झाला म्हणजे ‘जमीन’ कशाला म्हणावयाचे हे ठरवणे आले. ते ठरवताना विनयकारांनी मातीची जी वर्गवारी केली आहे ती थक्क करणारी आहे. पासाण म्हणजे दगड, सक्खरा म्हणजे खडे, कठल म्हणजे खापऱ्या, मरुम्ब म्हणजे बारीक खडी, वालिका म्हणजे वाळू, पंसु म्हणजे भुसभुशीत माती आणि मत्तिका म्हणजे चिकणमाती. यांतील काय अधिक आणि काय कमी, यावर ती ‘जाता पथवी’ की ‘अजाता पथवी’ हे ठरते. जळलेली माती वेगळी धरली आहे. ढीग घातलेल्या मातीवर चार महिन्यांहून अधिक काळ पाऊस पडला तर ती पुन्हा सजीव जमीन मानली आहे.

नियमाचा हेतू जीवहिंसा टाळण्याचा आहे, घर बांधण्याचा नाही. परंतु कणांच्या आकारावरून माती ओळखावयाची ही दृष्टी बांधकाम करणाऱ्याची आहे. आजही मातीची वीट सुधारण्याचा पहिला धडा हाच. मूठभर माती उभ्या बाटलीत पाण्याबरोबर ढवळून ठेवावी. खाली खडी, तिच्यावर वाळू, तिच्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर बसतात. त्या थरांच्या उंचीवरून मिसळावयाचे काय हे कळते.

धनियाची कथा पुष्कळांना माहीत आहे. कुंभाराचा मुलगा असलेल्या या भिक्खूची राजगृहाजवळची गवताची कुटी तो भिक्षेला गेला असता लोकांनी तीनदा मोडून नेली. तेव्हा त्याने आपल्या वडिलोपार्जित कसबाने सबंध मातीची कुटी घडवली आणि गवत, लाकूड, शेण रचून ती भाजली. ती इंद्रगोप किड्यासारखी लाल दिसत होती आणि तिच्यातून घंटेसारखा नाद निघत होता असे वर्णन आहे. गृध्रकूटावरून उतरताना भगवंतांनी ती पाहिली आणि मोडावयास लावली. कारण तिच्या भाजण्यात असंख्य लहान जीव मेले असणार. सर्वस्वी मातीची कुटी करू नये, असा दंडक झाला. या प्रसंगाला आजच्या पर्यावरणवादाचे कपडे चढवण्याचा मोह आवरला पाहिजे. तथापि एवढे म्हणता येईल की माती भाजण्याला किंमत पडते, आणि ती कोणीतरी दुसराच भरतो, याची जाणीव येथे स्पष्ट आहे. धनियाच्या कौशल्याबद्दल मात्र संग्राहकांच्या मनात कौतुक आहे. ते वर्णनातून लपत नाही.

आता वेसालीचा शिंपी. याच सेनासनक्खन्धकात तो येतो, त्याचे नाव दिलेले नाही, केवळ ‘दलिद्द तुन्नवाय’, गरीब शिंपी, एवढेच म्हटले आहे. लोक भिक्खूंसाठी विहार बांधीत आहेत हे पाहून त्यालाही वाटले, आपणही बांधावा. त्याने स्वतः चिक्खल्ल तुडवला, विटा रचल्या आणि भिंत उभी केली. हाताला सवय नव्हती. भिंत वाकडी झाली आणि पडली. दुसऱ्यांदा बांधली, पडली. तिसऱ्यांदाही पडली. तेव्हा तो चिडून बोलला. त्याच्या बोलण्याचा आशय असा : जे या श्रमणांना चीवर, भोजन, निवास देतात त्यांना हे उपदेश करतात, त्यांच्या बांधकामावर देखरेख करतात, मी गरीब, म्हणून मला कोणी सांगत नाही.

भिक्खूंनी ही तक्रार भगवंतांच्या कानावर घातली. शिंप्याला कोणी दोष दिला नाही, त्याची श्रद्धा कमी पडली असेही कोणी म्हटले नाही. उलट ‘नवकम्म’ सोपवण्याची प्रथा सुरू झाली : बांधकाम चालू असेल तेथे एका भिक्खूवर देखरेखीची जबाबदारी द्यावी, काम लवकर कसे पुरे होईल आणि मोडलेले-तुटलेले कसे दुरुस्त होईल हे त्याने पाहावे. माझ्या मते विनयातील मातीकामाचा हा गाभा आहे. शिंप्याजवळ माती होती, पाणी होते, हात होते आणि चिकाटीही होती. नव्हते ते केवळ भिंत उभी कशी राहते याचे ज्ञान. आणि ते ज्ञान देणगीच्या मार्गाने वाहत होते.

लेण्यांचा गिलावा, तेरची वीट

विनयातील कृती महाराष्ट्रात प्रत्यक्ष पाहावयाच्या असतील तर अजिंठ्याच्या रंगांकडे न पाहता रंगांच्या मागे पाहावे. चित्रांखालचा थर मातीचा आहे, आणि त्या मातीत तूस, गवत व वनस्पतींचे तंतू कालवलेले आहेत. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्याबद्दल २०१६ मध्ये एक महत्त्वाचा निबंध ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला. पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी तेथील माती-चुन्याच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश ओळखले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग सापडत नाही, आणि अजिंठ्याची चित्रे किडीने फार खाल्ली आहेत. वेरूळला किडीचा उपद्रव त्या मानाने कमी, तो भांगेमुळे, असे त्यांचे अनुमान आहे. शेजारशेजारच्या दोन ठिकाणी कारागिरांनी दोन निरनिराळे तंतू वापरले. एक टिकला, एक किडीला आवडला.

धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे विटांचे गजपृष्ठाकार मंदिर आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे विद्वानांचे मत आहे. तेरच्या जुन्या विटांपैकी काही इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. मातीत भरपूर तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जाते आणि मागे पोकळ छिद्रे राहतात. भार हलका करावयाचा असेल तेथे अशी वीट उपयोगी. भाविकांनी यात चमत्कार पाहिला तर पाहोत. आपण तूस पाहावे.

समुद्रापलीकडे सिंहलातही हीच परंपरा दिसते. महावंसात दुट्ठगामणी राजाने महाथूपाचा पाया कसा घातला त्याचे वर्णन आहे. त्यात लोण्यासारख्या मऊ मातीचा थर येतो, कवठाचा डिंक नारळाच्या पाण्यात कालवून वापरलेला येतो. वर्णनात अतिशयोक्ती आहे हे उघड आहे. पण कवठाचा डिंक अतिशयोक्तीतून सुचत नाही. तो कोणा गवंड्याने वापरलेला असतो.

काळी, पांढरी आणि गावकूस

बारामती-इंदापूरच्या शेजारी शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे अनेक हंगाम उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील वस्तीत बसक्या मातीच्या भिंती, कुडाच्या बाजू आणि सारवलेल्या जमिनी मिळाल्या. म्हणजे या खोऱ्यातील मातीकामाला तीन हजार वर्षांहून अधिक इतिहास आहे.

आमच्या गावांची भाषा जमिनीचे दोन भाग करते : काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. काळ्या मातीचे घर होत नाही. तिच्यातील चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. पांढरी माती वेगळी आहे. शेकडो वर्षे एका जागी माणसे राहिली, चुली पेटल्या, राख पडली, शेण-सारवण झाले, भिंती ढासळल्या आणि त्यांच्यावर नव्या उभ्या राहिल्या, तेव्हा ती पांढर तयार झाली. राख, चुनखडीचा अंश आणि बारीक गाळ तिच्यात आपोआप मिसळलेला असतो. अर्थात पिढ्यानपिढ्यांच्या चुलींनी सुधारून ठेवलेली ती माती आहे. म्हणूनच गढ्यांचे बुरूज, वाड्यांच्या दगडी जोत्यावरच्या भिंती, गावकुसे यांना पांढरीची माती वापरीत. पुरातत्त्वज्ञांना याचे दुःख वाटते, कारण पांढरीची टेकाडे खणून नेल्यामुळे कित्येक प्राचीन वस्त्यांचे थर नाहीसे झाले.

माळवदाचे, म्हणजे धाब्याचे, गणित आणखी निराळे. लाकडी कड्यांवर चिपा, काटक्या, पाला पसरून त्यावर मातीचा जाड थर देत, आणि सर्वांत वर खारी किंवा चोपण माती. जी चोपण शेताला शाप, तीच छपराला वरदान. तिच्यातील सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात आणि पहिल्या पावसात फुगून बारीकसारीक छिद्रे बंद करतात. पाणी खाली झिरपत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर आलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. त्याने या भागात ऊस आणला, आणि पाण्याच्या अतिवापराने चोपण जमीनही वाढवली.

भिंतीची माती भिजवून, गव्हाचे भुसकट किंवा गवताचे तुकडे घालून, काही दिवस मुरू देत आणि पायांनी तुडवीत. गिलाव्यात शेण किंवा घोड्याची लीद घालीत. लीदीत चावलेले, अर्धवट पचलेले बारीक तंतू असतात, म्हणून तिचा गिलावा गुळगुळीत बसतो. हे काम कोण करीत असे? कुंभार, माती वडार, मातीकाम करणाऱ्या इतर जाती, आणि सारवणासाठी प्रत्येक घरातील स्त्री. परंतु गावाच्या सामाईक भिंतीचे उत्तर वेगळे आहे. महारांच्या वतनी कामांची जी यादी जुन्या नोंदींत आढळते, तीत जासूदकी, राखण, हद्दीची साक्ष, मेलेली जनावरे ओढणे यांच्याबरोबर गावकूस, वेस आणि चावडी यांची डागडुजीही आहे.

‘गावकुसाबाहेर’ हा शब्द आज आपण रूपक म्हणून वापरतो. त्यामागे एक खरी, मातीची, दर पावसाळ्यात ढासळणारी भिंत होती, आणि ती दरवर्षी जो उभी करीत होता तोच तिच्या बाहेर राहत होता. पावसाने कुठे कोपरा खचतो, कोणत्या मातीला भुसकट जास्त लागते, जोत्याचा दगड किती उंच घेतला म्हणजे ओल वर चढत नाही, हे त्याला ठाऊक असणारच; ते न कळता भिंत दरवर्षी सावरता येत नाही. या ज्ञानाची नोंद कोणी केली नाही. नोंद झाली ती कामाची, कारण ते वतनाचे काम होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा त्यांचा रोख नेमका या व्यवस्थेवर होता : काम ठरलेले, मोबदला अनिश्चित, आणि सुटका नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा यावयास १९५९ साल उजाडले. तोपर्यंत बहुतेक गावकुसे स्वतःच जमीनदोस्त होऊ लागली होती.

चुना, सिमेंट आणि चिपाडाची राख

यामुळे आपल्या समाजात मातीच्या घराविषयी जी अढी आहे ती योग्यच आहे असे मला वाटते. मातीच्या घराचे गोडवे बहुधा त्यात न राहणारे गातात. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाविषयी जे परखड मत मांडले, ते येथेही लागू आहे. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले ते विसरता येत नाही. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे थर चढत गेलेली जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तेथे दोष मातीचा म्हणण्यापेक्षा न बांधल्या गेलेल्या दगडांचा आणि छपराच्या वजनाचा होता. तरी मरणाऱ्याला हा भेद कळण्याचा अवकाश नसतो.

म्हणून प्रश्न परंपरेचा नाही, बळाचा आहे. माती भिजल्यावर किती भार घेते? भारतीय मानक संस्थेने माती-सिमेंटच्या ठोकळ्यांसाठी १९६० मध्ये आय. एस. १७२५ हे मानक काढले, १९८२ आणि २०१३ मध्ये सुधारले. १९८२ च्या आवृत्तीत सर्वांत खालच्या वर्गालाही दर चौरस सेंटिमीटरला २० किलो भार घेता आला पाहिजे असे म्हटले आहे, आणि ही परीक्षा ठोकळा पाण्यात भिजवून घ्यावयाची असते. कोरडी मातीची वीट बऱ्यापैकी भार घेतेच. पाण्यात तिचा चिखल होतो. स्थिरीकरणाचे सारे प्रयोजन या ओल्या परीक्षेत आहे.

देशात याचा पहिला मोठा प्रयोग विस्थापितांसाठी झाला. फाळणीनंतर १९४८ मध्ये कर्नाल येथे अडीच टक्के सिमेंट घातलेली माती ठोकून सुमारे ४००० घरे बांधण्यात आली. पुढे १९५० च्या दशकात कोलंबियातील बोगोटा येथे राउल रामिरेझ यांनी हाताने चालवावयाचे दाबयंत्र तयार केले, ते सिन्वा-राम या नावाने जगभर गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला, के. एस. जगदीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांवर दीर्घकाळ काम केले.

या कामातून निघालेले नियम आमच्या दोन तालुक्यांना लावून पाहावेत. सिमेंट वाळूमिश्रित मातीला मानवते : अर्ध्याहून अधिक वाळू आणि दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात चिकणमाती असेल तर पाच ते दहा टक्के सिमेंट पुरते. मुरमाड माळाची चाळलेली माती या वर्णनाजवळ येते. काळ्या मातीत सिमेंट वाया जाते, कारण तिचे गोळे फुटत नाहीत. तिला आधी चुना लागतो. चुन्यातील कॅल्शियम चिकणमातीच्या कणांवरील सोडियम हटवून त्यांची जागा घेते, माती भुसभुशीत होते, तिचे फुगणे कमी होते. मग कित्येक आठवडे चुना आणि मातीतील सिलिका यांची सावकाश क्रिया चालते. त्या काळात ठोकळा ओला व झाकलेला राहिला पाहिजे. घाई केली तर चुना नुसता पांढरा डाग ठरतो. काळ्या रानात सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांपासून चुना भाजण्याची रीत येथे जुनीच होती.

आता राखेकडे वळू. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आणि इतरत्र सहकारी कारखाने निघाले. उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जळते आणि राख उरते. तिच्यात सिलिका पुष्कळ असते. ती बेताच्या आचेवर जळलेली असेल, चाळून न जळलेला कोळसा काढला असेल आणि बारीक दळली असेल, तर चुन्याबरोबर ती सिमेंटसारखी घट्ट होते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत गेल्या दशकात चिपाडाची राख, दगडखाणीची भुकटी आणि चुना यांच्या न भाजलेल्या विटांवर संशोधन झाले आणि ते प्रसिद्धही झाले. पांढरीच्या मातीला जे शतकानुशतकांच्या चुलींनी दिले, तेच एका गळीत हंगामाची राख काही प्रमाणात देऊ शकते.

व्यवहारात मात्र येथे भट्टीची लाल वीट चालते. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, इंदापूर तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली, आणि त्याच फुगवट्याच्या काठचा गाळ वीटभट्ट्यांना कच्चा माल झाला. गाळाच्या विटा वाळताना तडकू नयेत म्हणून भट्टीवाले राख व भुसा मिसळतात; कोळशाच्या राखेबाबत तर केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रांजवळच्या भट्ट्यांना ती मिसळणे बंधनकारकच केले. भट्टीवर चिखल तुडवणारी, साच्यात मारणारी, थापी रचणारी कुटुंबे हंगामापुरती येतात आणि पालात किंवा कच्च्या विटांच्याच खोपटात राहतात. हजारो पक्क्या विटा करणाराचे घर कच्च्या विटेचे असते. गावकुसाचा हिशेब अजून चालूच आहे म्हणावयाचे.

रमाई आवास योजनेतून, जी २००९-१० पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी आहे, घर मिळते तेव्हा त्याची भिंत पक्की हवी, आणि ती हवीच. पण ‘पक्के’ याचा अर्थ बहुधा भट्टीची वीट किंवा सिमेंटचा ठोकळा एवढाच धरला जातो. जनगणनेच्या नमुन्यात माती व न भाजलेली वीट यांचा एकच रकाना आहे. ओल्या परीक्षेत उतरलेला, चुना-राखेचा ठोकळा त्या रकान्यात पडला तर त्याचे मानक कागदावरच राहते. दुसरीकडे, मानक न पाळता साच्यातून काढलेला ठोकळा ‘स्वस्त घर’ म्हणून गरिबाच्या माथी मारला जाण्याची भीतीही तितकीच खरी आहे. माती चाळली का, प्रमाण मोजले का, चार आठवडे पाणी मारले का, भिजवून भार पाहिला का, हे विचारणारे कोणी जागेवर असल्याशिवाय हे काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हप्ता सुटण्यापुरते छायाचित्र काढून होणारी पाहणी त्याला पुरत नाही.

वेसालीच्या शिंप्यामुळे सुरू झालेल्या नवकम्माचेही पुढे असेच झाले होते. आळवीचे भिक्खू मातीचा एखादा गोळा ठेवण्यापुरते, भिंतीला लेप देण्यापुरतेही नवकम्म सोपवू लागले, आणि वीस-तीस वर्षांसाठी, काही वेळा जन्मभरासाठी. ते भगवंतांनी बंद केले आणि कामाकडे पाहून मुदती घालून दिल्या : लहान विहाराला ५ ते ६ वर्षे, अड्ढयोगाला ७ ते ८ वर्षे, मोठ्या विहाराला किंवा प्रासादाला १० ते १२ वर्षे.